तुम्ही काम काय करता?

गेले काही लेख आपण रक्तदाब, थायरॉइड, गुडघेदुखी असे एकेका आजारावर बोलत आलो. आज थोडं वेगळं लिहितोय. माझ्याच केबिनमध्ये एका बाप-लेकानं माझी एक जुनी चूक मला दाखवून दिली. तुमच्या घरातही असं काही चालू असेल, म्हणून सांगतो. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील ६४ वर्षांचे. नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये ३४ वर्षं काम करून निवृत्त झालेले. मुलगा ३६ वर्षांचा, एका खाजगी बँकेत कर्ज विभागात. वडील माझ्याकडे ११ वर्षांपासून रक्तदाबासाठी येतात. त्या दिवशी मुलगाही सोबत आला होता आणि तो चिडलेला होता.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना. मी काही बोललो की उत्तर देत नाहीत. दिलं तर भलतंच. टीव्हीचा आवाज एवढा मोठा की शेजारचे दार वाजवतात. घरात असूनही यांचं लक्ष नसतं."

वडील माझ्याकडे बघून हसले. मग म्हणाले, "याचं ऐकू नका. याचंच बघा काहीतरी. डोकं दुखतं म्हणतो, थकलो म्हणतो. दिवसभर एसीत खुर्चीवर बसून कसला थकवा येतो हो? आम्ही आठ तास उभं राहून प्रेस चालवली, एक दिवस थकलो म्हटलं नाही."

मुलानं मान फिरवली. हा संवाद त्यांच्यात शेकडो वेळा झाला असणार, हे दिसतच होतं.

दोघांना तपासलं. वडिलांचा रक्तदाब आटोक्यात होता. मुलाचा १५८/९८. अर्ध्या तासानं परत घेतला तरी तेवढाच. दोन्हीकडच्या तपासण्या लिहून दिल्या. मुलाला रक्ताच्या, वडिलांना कानाची. ती चिठ्ठी लिहिताना मी सहज विचारलं, "काका, प्रेस शॉपमध्ये आवाज किती असायचा?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मी समोर वाकून, सावकाश परत विचारला. तेव्हा म्हणाले, "आवाज? अहो, धाड धाड धाड, दिवसभर. शेजारच्याला काही सांगायचं तर हातानं खुणा करायच्या. आम्ही सगळे खुणांनीच बोलायचो."

११ वर्षं हे गृहस्थ माझ्यासमोर त्याच खुर्चीत बसत होते. डाव्या हाताच्या तर्जनीचं वरचं पेर नाही, हे मी पहिल्या दिवशी पाहिलं होतं. आमच्याकडे औद्योगिक वसाहतीतून इतके पेशंट येतात की असं बोट पाहून आम्ही दचकत नाही. पण केस पेपर काढून पाहिला तर 'व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'नोकरी (निवृत्त)'. मुलाच्या नव्या केस पेपरवर रिसेप्शनवरच्या ताईंनी काय लिहिलं होतं? तेही 'नोकरी'. दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आणि माझ्या कागदावर दोघं एकच.

आता थोडं इतिहासात जाऊ या. इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. जन्म १६३३ चा. मोडेना शहरात राहत असताना त्यांच्या घराचा शौचकूप साफ करायला आलेला एक माणूस फार घाईनं काम करतोय, असं त्यांना दिसलं. त्यांनी कारण विचारलं. तो म्हणाला, इथे फार वेळ थांबलं तर डोळे जातात. रामाझिनींनी मग त्याचे डोळे पाहिले, शहरात हेच काम करणाऱ्या इतरांचे पाहिले आणि तिथून त्यांनी कामगारांच्या आजारांचा नाद घेतला. १७०० साली त्यांचं पुस्तक आलं. कुंभार, गवंडी, खाणकामगार, धोबिणी, सुईणी, काच करणारे, एकेका धंद्यातल्या माणसाला काय होतं ते त्यांनी लिहून ठेवलं. आणि डॉक्टरांना सांगितलं, की रोग्याला बाकी सगळं विचारता, त्यात आणखी एक प्रश्न घाला, तुझा धंदा कोणता?

मला त्या पुस्तकातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात कारकुनांचाही समावेश आहे. सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण, या तीन गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला आजारी पाडतात, असं त्या काळी त्यांनी नोंदवलं. संगणक तर सोडाच, टाईपरायटरही तेव्हा नव्हता. शौचकूप साफ करणारा आणि कचेरीत बसणारा, दोघांचे आजार एकाच डॉक्टरनं तेवढ्याच आस्थेनं लिहिले. हे मी एमडी करताना परीक्षेपुरतं वाचलं होतं. वापरलं नाही.

तर, आठवड्यानं दोघं रिपोर्ट घेऊन आले.

वडिलांच्या कानाच्या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, वेगवेगळ्या पट्टीचे आवाज हळूहळू वाढवत ऐकवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. दुखत नाही, साधारण अर्ध्या तासात होते. त्याचा आलेख निघतो. काकांचा आलेख जाड आवाजांपाशी बऱ्यापैकी होता आणि बारीक, वरच्या पट्टीच्या आवाजांकडे घसरत जाऊन ४००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात पडल्यासारखा दिसत होता. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या कानाची ही खूण आहे. वयानं येणारा बहिरेपणाही त्यात थोडा मिसळलेला असतो, पण हा खड्डा सहसा कारखान्याचा.

असं का होतं? कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारखी टोकं असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. आवाजाची थरथर त्या विजेच्या संदेशात बदलतात आणि मेंदूकडे पाठवतात. सतत मोठा आवाज असेल तर या पेशी दमतात, मग मरतात. मेल्या की परत उगवत नाहीत. साधारणपणे ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास, अशी वर्षं गेली की धोका धरतात. डेसिबल मोजायचं यंत्र तुमच्याजवळ नसेल तर सोपी परीक्षा आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला आवाज कानाला घातक आहे असं समजा. पाळी संपवून घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहणं, हा कानानं दिलेला इशारा आहे.

मुलाला मी आलेख समजावून दिला. म्हटलं, आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि जोरकस असतात. स, श, फ, क, त ही व्यंजनं बारीक आणि हलकी असतात. बाबांचे स्वर शाबूत आहेत, व्यंजनं गेली आहेत. तू 'पाठ' म्हण, 'काठ' म्हण, 'साठ' म्हण, त्यांना जवळजवळ एकच ऐकू येतं. त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मग ते अंदाजानं उत्तर देतात किंवा गप्प बसतात. तू ओरडलास की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात. वर चेहऱ्यावर राग दिसतो, तो मात्र अगदी स्पष्ट दिसतो.

तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मग विचारलं, "किती वर्षांपासून असेल हे?"

म्हटलं, सुरुवात बहुतेक नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांतच झाली असेल. म्हणजे तू शाळेत जायच्या आधी.

तो काही बोलला नाही. वडील आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. मी त्यांच्याकडे वळून सावकाश सांगितलं, "काका, कान मशीननं गेलेत. तुमचं लक्ष नसतं असं नाहीये, हे याला आता कळलंय." त्यांनी मान डोलावली. डोळे मात्र पुसले.

मग मुलाचे रिपोर्ट. जेवणानंतरची साखर २१२. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ७.६. मधुमेह होता. आईला आहेच, त्यामुळे घराण्याचा वाटा मोठा. पण मी त्याला दिवस सांगायला लावला, वडिलांच्या देखत. सकाळी साडेनऊला बँक. खुर्चीवर बसलं की दुपारी तीन-साडेतीनला उठणं, डबा तेव्हा. कधी वडापाव. महिन्याचं टार्गेट. ज्यांचे हप्ते थकलेत त्यांना फोन करायचे, त्यातले अर्धे शिव्या देतात. संध्याकाळी साडेसातला घरी, आणि मग साहेबांचे मेसेज रात्री अकरापर्यंत. उद्या सकाळी आकडा लागेल म्हणून.

वडील माझ्याकडे बघत होते. मी एकेक वाक्य त्यांना परत सांगत गेलो. रात्री अकराचं सांगितल्यावर ते म्हणाले, "अकरा वाजता? कसं काय?" मग थोडं थांबून, मुलाकडे न बघता म्हणाले, "आमच्याकडं भोंगा झाला की मशीन बंद. मागं वळून बघायचं नाही. याचा भोंगाच होत नाही म्हणा की."

मी २५ वर्षं प्रॅक्टिस करतोय. कचेरीतल्या कामाचं इतकं नेमकं निदान मला जमलं नव्हतं.

बसून काम करण्यात शरीराचं नेमकं काय बिघडतं, हेही सांगतो. मांड्या आणि पोटऱ्या हे आपल्या शरीरातले मोठे स्नायू. ते हलले की रक्तातली साखर ओढून घेतात. तासन्‌तास हलले नाहीत की जेवणानंतर चढलेली साखर रक्तातच जास्त वेळ रेंगाळते. म्हणून जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं, हा माझ्या दृष्टीनं फार स्वस्त उपाय आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली एक अभ्यास छापला होता. दुमजली बसगाड्यांचे ड्रायव्हर आणि कंडक्टर, सगळे मिळून सुमारे ३१ हजार वाहतूक कर्मचारी. एकच कंपनी, त्याच गाड्या, तेच रस्ते. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांमध्ये बरंच कमी निघालं. पुढे हेही दिसलं की ड्रायव्हर मुळातच जरा जाड होते, कामाला लागतानाच त्यांच्या पँटी मोठ्या मापाच्या होत्या. त्यामुळे सगळं श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. पण व्यायाम आणि हृदय यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास या बसगाड्यांपासून सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

यावरून कष्टकरी मंडळी लगेच म्हणतात, "बघा, आम्हाला व्यायामाची गरज नाही, आमचं कामच व्यायाम आहे." हमाल, गवंडी, शेतात राबणाऱ्या बायका, सगळ्यांकडून हे ऐकतो. हे अर्धंच खरं आहे. चालायला जाता तेव्हा दम लागला की तुम्ही थांबू शकता, उन्हात जात नाही, नंतर विश्रांती घेता. कामावर ५० किलोचं पोतं उचलताना दम लागला म्हणून थांबता येत नाही. श्वास रोखून ओझं उचललं की रक्तदाब एकदम चढतो. तेच आठ-दहा तास, रोज, उन्हात, पुरेसं पाणी न पिता. त्यामुळे फिरायला जाण्याचा जो फायदा हृदयाला मिळतो, तो ओझी वाहून तसाच मिळेल याची खात्री नाही. उलट कंबर, गुडघे आणि खांदे झिजतात ते वेगळंच. कष्टाचं काम करणाऱ्यांनी रक्तदाब तपासायलाच नको, हा गैरसमज मी अर्धांगाचा झटका आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांकडून फार वेळा ऐकला आहे.

आणि कचेरीतल्या मंडळींबद्दलही एक निरीक्षण. जिमला पैसे भरून वजनं उचलणारा माणूस गॅसचा सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर आणणाऱ्याला दारातच "चप्पल काढ रे" म्हणतो. मी आमच्याच सोसायटीत ऐकलंय. असो.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझं सांगतो. १९९३ साली मी इंटर्न होतो, सरकारी रुग्णालयात, रात्रपाळी. वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना आपल्याकडे 'मामा' आणि 'मावशी' म्हणतात. नातं जोडायचं आणि नाव विचारायचं नाही, अशी ती पद्धत. त्या रात्री वॉर्डातले मामा स्ट्रेचर आणायला उशीर करतात म्हणून मी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. "काय रे, झोपा काढतोस का?" माझं वय २४, त्यांचं ५० च्या पुढे. तासाभरानं दम्याचा एक पेशंट आला, ओठ निळे पडलेले. ऑक्सिजनचा सिलिंडर लावला तर जोडाशीच फुस्स करून सगळा वायू बाहेर. मी नळी बदलली, मास्क बदलला, चावी उलटसुलट फिरवली. मामांनी मला हळूच बाजूला केलं, चावीनं सिलिंडर बंद केला, रेग्युलेटर उतरवला, खिशातून एक वॉशर काढून बसवला आणि परत चालू केला. मिनिटभराचं काम. पेशंट वाचला. मला इंजेक्शनचं श्रेय मिळालं.

त्या वॉर्डात मी सहा महिने होतो. त्यांचं नाव मी कधीच विचारलं नाही. त्यानंतर 'मामा' ऐवजी 'अहो मामा' म्हणायला लागलो, एवढीच माझी मजल.

आजही माझ्या तोंडून कोट-टाय घातलेल्या माणसाला "बसा" आणि रंगारी आला की "बस" असं जातं का, यावर मी गेल्या काही महिन्यांत लक्ष ठेवलं. जात होतं. दरवेळी नाही, पण गर्दीच्या वेळी जात होतं. रिसेप्शनवरच्या ताई माझंच ऐकून शिकतात, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. "बस" ऐकलेला माणूस डॉक्टरला कमी सांगतो. जेवढं विचारलं तेवढंच. आणि मी तर विचारलंही नव्हतं.

एक गोष्ट आणखी कबूल करायची आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरीज अॅक्ट, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात कळवण्याजोग्या आजारांची यादी होती. त्यात शिशाची विषबाधा, सिलिकोसिस यांच्यासोबत आवाजामुळे येणारा बहिरेपणाही होता. कारखान्यात काम करणाऱ्या पेशंटला असा आजार आढळला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाला लेखी कळवायचं असे. या एमआयडीसीच्या शेजारी मी २५ वर्षं दवाखाना चालवतोय. मी अशी किती पत्रं पाठवली? एकही नाही. काकांना १० वर्षं आधी कानाची तपासणी करायला लावली असती, तेव्हा ते नोकरीत होते, तर कानात घालायचे बोळे किंवा मफ हट्टानं वापरायला सांगता आलं असतं. उरलेलं तरी वाचलं असतं.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. कोणत्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा त्यांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा, मी अमुक काम करतो. नुसतं 'नोकरी' किंवा 'मजुरी' म्हणू नका. टाईल्स कापतो, बॅटऱ्या दुरुस्त करतो, वेल्डिंग करतो, दहा तास कॉम्प्युटरवर असते, रात्रपाळीला कॉल घेते, असं सांगा. खोकला जात नसेल आणि तुम्ही दगडाच्या किंवा फरशीच्या धुळीत काम करत असाल, तर माझा विचार वेगळ्या दिशेनं जातो. पोटात सारखी कळ येत असेल, रक्त कमी असेल आणि बॅटरीच्या शिशाशी तुमचा संबंध असेल, तर गॅसची गोळी देऊन मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. वेल्डिंगवाल्यांना रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, तेव्हा बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि बँकेतल्या, कचेरीतल्या मंडळींनी "माझं काय, बसूनच काम" असं म्हणून लाजू नये. बसूनच काम, ही माझ्यासाठी महत्त्वाची माहिती आहे.

घरात ऐकू न येणारं माणूस असेल तर समोर येऊन, चेहरा दिसेल असं, सावकाश बोला. टीव्ही आणि मिक्सर बंद करून बोला. दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका.

काकांना दोन्ही कानांना श्रवणयंत्रं बसवली. यंत्रानं कान पहिल्यासारखा होत नाही, सवय व्हायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला भांड्यांचा आवाजही डोक्यात जातो. त्यांनी दोनदा काढून कपाटात ठेवली, मुलानं दोनदा परत घातली. मुलाच्या गोळ्या सुरू झाल्या. बँकेत दीड वाजता डबा खायचाच आणि नंतर खालच्या पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारायच्या, एवढं त्यानं जमवलं. रात्रीच्या मेसेजचं काही जमेना.

मागच्या महिन्यात दोघं आले. एचबीएवनसी ६.८, रक्तदाब १३२/८४. मी विचारलं, रात्रीच्या फोनचं काय केलंत? मुलगा हसला आणि वडिलांकडे बोट केलं.

काका म्हणाले, "आता याचा फोन मला ऐकू येतो ना. साडेनऊला वाजला की मी विचारतो, काय रे, भोंगा झाला का नाही अजून? कधी ठेवतो, कधी नाही ठेवत." मग माझ्याकडे वाकून, जरा मोठ्यानं विचारलं, "डॉक्टर, तुमचा किती वाजता होतो?"

बाहेर अजून चौदा पेशंट होते. मी घड्याळाकडे पाहिलं, साडेनऊ वाजून गेले होते.